थर्मस: उष्ण झऱ्यांतले जीवाणू आणि त्यांचं वर्गीकरण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी, शाळा-कॉलेजातले शिक्षक आणि कोरोनाच्या काळात 'आरटी-पीसीआर' हा शब्द कानावर पडल्यापासून कुतूहल जागं झालेले वाचक, यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात शक्यतो परत लिहिलेलं नाही. त्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. थर्मस हा एक जीवाणू आहे की अनेक?

थर्मस हे एका प्रजातीचं नाव आहे आणि तिच्यात आजमितीला पंधराहून अधिक मान्य जाती आहेत. थर्मस अ‍ॅक्वाटिकस ही त्यातली पहिली आणि प्रमाण मानलेली जात. थर्मस थर्मोफिलस, थर्मस स्कोटोडक्टस, थर्मस ब्रॉकियानस, थर्मस ओशिमाय, थर्मस फिलिफॉर्मिस ही नावंही वाचनात वरचेवर येतात. सगळे काडीच्या आकाराचे, बीजाणू न तयार करणारे, सेंद्रिय पदार्थांवर जगणारे. बहुतेकांच्या कॉलनी पिवळ्या असतात. निसर्गात ते साधारण ५५ ते ८५ अंश सेल्सिअसच्या, फार आम्ल नसलेल्या पाण्यात सापडतात. नाव ग्रीक 'थर्मोस' म्हणजे 'ऊन, तापलेला' यावरून आलं आहे.

२. वर्तमानपत्रात 'जीवाणूची नवी प्रजाती सापडली' असं छापून येतं. तिथे प्रजाती म्हणजे काय समजायचं?

बहुतेक वेळा तिथे 'जाती' म्हणायचं असतं. आपल्या पाठ्यपुस्तकांतली उतरंड अशी आहे: संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे 'थर्मस' ही प्रजाती आणि 'थर्मस अ‍ॅक्वाटिकस' ही तिच्यातली एक जाती. बातम्यांच्या आणि रोजच्या भाषेत मात्र 'प्रजाती' हा शब्द जातीसाठी सर्रास वापरतात. हा घोटाळा किरकोळ वाटतो, पण तसा नाही. नवी जाती सापडणं ही दर वर्षी शेकड्यांनी घडणारी गोष्ट आहे. नवी प्रजाती मांडणं हा त्याहून मोठा दावा आहे. या पानावर सगळीकडे पाठ्यपुस्तकातलाच अर्थ घेतला आहे.

३. थर्मसचा शोध कुणी आणि कुठे लावला?

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे टॉमस ब्रॉक आणि त्यांचा पदवीचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात. ब्रॉक १९६४ साली तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा वाफाळत्या ओढ्यांच्या काठचे पिवळे, नारिंगी, गुलाबी पट्टे पाहून थबकले. ते रंग खनिजांचे नव्हते, जिवंत होते. पुढची अनेक वर्षं ते उन्हाळ्यात तिथे जात राहिले. १९६६ साली लोअर गायझर बेसिनमधल्या मश्रूम स्प्रिंग या झऱ्यातून घेतलेल्या नमुन्यातून फ्रीझ यांनी एक पिवळा जीवाणू वेगळा केला. तोच 'वायटी-१' हा वाण (स्ट्रेन, म्हणजे वेगळा करून जपलेला एक वंश). १९६९ मध्ये 'जर्नल ऑफ बॅक्टेरियॉलॉजी'त दोघांनी त्याचं वर्णन करून थर्मस ही नवी प्रजाती आणि थर्मस अ‍ॅक्वाटिकस ही नवी जात मांडली. सर्वात चांगली वाढ ७० अंशांना, वरची मर्यादा ७९, खालची सुमारे ४०.

हा जीवाणू त्याआधी कुणाच्या हाती का लागला नाही, हे मला या गोष्टीतलं सर्वात शिकण्यासारखं वाटतं. तोवर तापप्रिय जीवाणू शोधायचे म्हणजे नमुना ५५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये पोषक माध्यमावर ठेवायचा, अशी रीत होती. त्या तापमानाला आणि त्या भरपूर अन्नावर बीजाणू तयार करणारे बॅसिलस गटातले जीवाणू भराभर वाढतात आणि बाकीच्यांना वावच राहत नाही. ब्रॉक आणि फ्रीझ यांनी तापमान ७० च्या पुढे नेलं आणि अन्न अगदी पातळ केलं. झऱ्याच्या पाण्यात असतं तसं. थर्मस दिसला तो त्यामुळे. नवीन उपकरण काही नव्हतं.

फ्रीझ तेव्हा विद्यार्थी होते, हेही लक्षात राहावं. आपल्याकडे प्रकल्प करणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

४. एवढ्या तापलेल्या पाण्यात त्याची प्रथिनं शिजत कशी नाहीत?

एकच एक कारण नाही. अनेक छोट्या तरतुदी मिळून काम होतं. त्याच्या प्रथिनांची घडी अधिक घट्ट असते आणि विरुद्ध विद्युतभाराच्या अमिनो आम्लांच्या जोड्या तिला जागोजागी टाचून धरतात. पेशीपटलात फांद्या असलेली मेदाम्लं आणि शर्करायुक्त मेद जास्त असतात, म्हणून पटल उष्णतेत पातळ होऊन गळत नाही. शिवाय लांबलचक, इतरत्र क्वचित दिसणारी पॉलिअमाइन्स असतात. थर्मोस्पर्मिन हे नावच थर्मसवरून पडलं. ती डीएनए आणि आरएनए सावरून धरतात. डीएनएमध्ये जी आणि सी या अक्षरांचं प्रमाणही खूप आहे, थर्मस थर्मोफिलसमध्ये जवळपास ६९ टक्के. पण 'जी-सी जास्त म्हणून उष्णता सोसतो' असं सरळ समीकरण मांडू नका. उकळत्या पाण्यात राहणाऱ्या काही आर्किआंत (जीवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या अधिक्षेत्रातले सूक्ष्मजीव) हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपासच असतं. खरा संबंध आरआरएनएपुरता (प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोममधल्या आरएनएपुरता) आहे आणि त्याने वर्गीकरणात मोठा गोंधळ घातला. त्याबद्दल प्रश्न ७ पाहा.

५. कोरोनाच्या चाचणीशी याचा खरंच संबंध होता का?

होता, थेट. पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढण्याची पद्धत. तिच्यात प्रत्येक फेरीला मिश्रण ९५ अंशांच्या आसपास तापवून डीएनएचे दोन धागे सुटे करावे लागतात. कॅरी मुलिस यांना १९८३ साली सेटस कंपनीत ही कल्पना सुचली तेव्हा ई. कोलाय या जीवाणूचं पॉलिमरेज हे विकर वापरत. ते दर फेरीत उष्णतेने निकामी व्हायचं आणि पुन्हा नव्याने घालावं लागायचं. थर्मस अ‍ॅक्वाटिकसचं पॉलिमरेज, म्हणजेच 'टॅक', अ‍ॅलिस चिएन आणि सहकाऱ्यांनी सिनसिनाटी विद्यापीठात १९७६ मध्येच शुद्ध करून ठेवलं होतं. ते ९५ अंशांनाही सुमारे ४० मिनिटांनी निम्मं उरतं. ते वापरल्यावर नळी एकदा बंद केली की यंत्र आपलं आपण फेऱ्या करू लागलं. मुलिस यांना १९९३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

कोरोनाचा विषाणू आरएनएचा, म्हणून आधी दुसऱ्या विकराने त्याचा डीएनए करायचा आणि मग टॅकने तो वाढवायचा. नमुन्यात विषाणू आहे हे सांगणारा प्रकाशही पुष्कळ किटमध्ये टॅकच्याच एका गुणामुळे दिसतो: वाटेत आलेला खुणेचा तुकडा ते कापत पुढे जातं. नाकात काडी घालून घेतलेला नमुना आरटी-पीसीआरने तपासला गेला, तिथे बहुतेक ठिकाणी टॅक किंवा त्याचं सुधारलेलं रूप कामाला होतं.

टॅकमध्ये एक उणीव आहे: ते आपली चूक मागे वळून तपासत नाही. अचूक प्रत हवी असेल तर 'पीएफयू' हे विकर वापरतात. ते पायरोकोकस फ्युरिओससचं, म्हणजे एका आर्किआचं. थर्मसशी त्याचं नातं नाही.

६. थर्मसचं वर्गीकरणातलं पूर्ण स्थान काय?

अधिक्षेत्र बॅक्टेरिया, संघ डायनोकोकोटा, वर्ग डायनोकोकाय, गण थर्मेल्स, कुल थर्मेसी, प्रजाती थर्मस. थर्मेसी कुलात मेयोथर्मस, मरिनिथर्मस, ओशनिथर्मस आणि व्हल्कॅनिथर्मस या प्रजातीही येतात. यातल्या शेवटच्या तीन समुद्रतळाच्या उष्ण विवरांजवळून मिळाल्या.

जुन्या पुस्तकांत संघाचं नाव 'डायनोकोकस-थर्मस' असं जोडनाव दिसेल, काही डेटाबेसांत नुसतं 'थर्माय'. तिन्ही नावं एकाच गटाची. संघाच्या नावांना जीवाणूंच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत स्थानच नव्हतं, ते मिळाल्यावर २०२१ मध्ये बऱ्याच संघांची नावं एका साच्यात आणली गेली आणि शेवटी '-ओटा' लागलं. परीक्षेत जुनं नाव लिहिलं म्हणून उत्तर चूक ठरू नये. नव्या लेखनात मात्र डायनोकोकोटा लिहावं.

७. डायनोकोकस तर किरणोत्सारात टिकतो आणि सामान्य तापमानाला राहतो. तो थर्मसचा भाऊबंद कसा?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि तो यावाच.

डायनोकोकस रेडिओड्युरन्स १९५६ साली अमेरिकेत ओरेगॉनमध्ये सापडला, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात. मांस तरीही खराब झालं आणि त्यातून हा लालसर, गोलसर जीवाणू निघाला. तो ३० अंशांच्या आसपास मजेत वाढतो आणि ग्रॅम रंजनात (भित्तिकेनुसार जीवाणूंचे दोन गट पाडणारी रंगवण्याची पद्धत) पॉझिटिव्ह दिसतो. थर्मस काडीसारखा, पिवळा, ७० अंशांत राहणारा आणि ग्रॅम-निगेटिव्ह. नुसतं पाहून या दोघांना कुणी एका घरात बसवलं नसतं.

पण पेशीची घडण पाहा. दोघांच्या पेशीभित्तिकेच्या पेप्टिडोग्लायकॅनमध्ये ऑर्निथिन हे अमिनो आम्ल आहे. ते या जागी फार थोड्या जीवाणूंत असतं. दोघांच्या श्वसनसाखळीत मुख्य क्विनोन मेनाक्विनोन-८ आहे. आणि मग १६एस आरआरएनएच्या (रायबोसोमच्या छोट्या भागातल्या आरएनएच्या) क्रमांची तुलना सुरू झाल्यावर दोघे शेजारी येऊ लागले.

इथेच अडचण उभी राहिली. आरआरएनएचा धागा स्वतःवर दुमडतो आणि ठिकठिकाणी जोड्या जमवतो. जी-सी जोडीला तीन हायड्रोजन बंध असतात, ए-यू जोडीला दोन. तापलेल्या पाण्यात घडी टिकायची तर जी-सी जोड्या जास्त हव्यात. त्यामुळे एकमेकांशी काहीही नातं नसलेले दोन तापप्रिय जीवाणू घेतले तरी त्यांचे क्रम वरवर सारखे दिसू लागतात आणि वंशवृक्ष काढताना ते खोटेपणाने जवळ येतात. आषाढीला पंढरीच्या वाटेवर सगळ्यांच्याच कपाळी बुक्का असतो. त्यावरून सगळे एका घरचे ठरत नाहीत. थर्मस याच कारणाने डायनोकोकसपासून दूर, इतर तापप्रिय जीवाणूंच्या बाजूला ओढला जात होता. १९८९ मध्ये विसबर्ग, जिओव्हानोनी आणि वूज यांनी हा परिणाम वेगळा काढून दाखवला आणि डायनोकोकस-थर्मस हा संघ पायावर उभा केला.

१९९३ मध्ये आणखी एक सुंदर पुरावा आला. तेव्हा थर्मस रुबर म्हणून ओळखला जाणारा जीवाणू ६० अंशांच्या आसपास वाढतो, म्हणून त्याच्या आरआरएनएमध्ये उष्णतेचा हा ठसा फिकट आहे. त्याचा क्रम तुलनेत घेतला, तेव्हा डायनोकोकसशी नातं अधिक स्पष्ट दिसलं. (या रुबरचं पुढे काय झालं, ते प्रश्न ९ मध्ये.)

थर्मस कुठे राहतो हा त्याचा पत्ता झाला. तो कुणाचा कोण, हे पत्त्यावरून कळत नाही. वर्गीकरणातल्या बहुतेक चुका या दोन गोष्टी एकच मानल्यामुळे झाल्या आहेत, आणि पुढच्या उत्तरांत हे परत परत दिसेल.

जाता जाता: २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल रायबोसोमच्या रचनेला मिळालं. वेंकटरामन रामकृष्णन यांनी उलगडलेला ३०एस हा छोटा भाग थर्मस थर्मोफिलसचा होता. आदा योनाथ यांनी त्याच जीवाणूचा ३०एस आणि डायनोकोकस रेडिओड्युरन्सचा ५०एस अभ्यासला. टणक प्रथिनांचे स्फटिक चांगले जमतात, म्हणून या संघातले जीवाणू रचनाशास्त्रज्ञांचे आवडते झाले.

८. थर्मस ग्रॅम-निगेटिव्ह आहे, मग ई. कोलायसारखाच ना?

नाही. ग्रॅम रंजन भित्तिकेबद्दल थोडंसं सांगतं, नात्याबद्दल फार कमी. थर्मसला बाहेरचं आवरण आहे, पण ई. कोलायसारखं नेहमीचं लिपोपॉलिसॅकराइड त्यात नाही. ऑर्निथिनचा फरक वर आलाच आहे; ई. कोलायमध्ये त्या जागी डायअमिनोपिमेलिक आम्ल असतं.

९. थर्मस रुबर कुठे गेला? यादीत सापडत नाही.

तो आता मेयोथर्मस रुबर आहे. रशियन शास्त्रज्ञांनी कामचाटकातल्या उष्ण झऱ्यांतून मिळालेल्या लाल जीवाणूला दिलेलं 'थर्मस रुबर' हे नाव १९८४ मध्ये मान्य झालं. पुढे त्याच्यासारखे आणखी दोन मिळाले: थर्मस सिल्व्हानस आणि थर्मस क्लायरोफिलस. तिघांनाही ७० अंश सोसत नाहीत. ते ५० ते ६० अंशांच्या आसपास खुलतात. १९९६ मध्ये नोब्रे आणि सहकाऱ्यांनी तिघांना वेगळं काढून मेयोथर्मस ही प्रजाती केली. 'मेयोन' म्हणजे ग्रीकमध्ये 'कमी', म्हणून कमी तापाचा थर्मस.

नाव तापमानावरून पडलं असलं तरी फारकत केवळ तापमानावरून झाली नाही. आरआरएनएचे क्रम आणि मेदाम्लांची घडण यांतही तिघे थर्मसपासून वेगळे पडत होते. स्थलांतर तिथेच थांबलं नाही: जीनोमची तुलना झाल्यावर २०१९ मध्ये क्लायरोफिलसला मेयोथर्मसमधूनही काढून कॅलिडिथर्मस या नव्या प्रजातीत ठेवलं गेलं. एकाच जीवाणूची तीन नावं झाली, पण त्याचा टाइप स्ट्रेन (नाव ज्याला बांधलेलं असतं तो प्रमाण वाण) तोच राहिला. म्हणून जुना निबंध वाचताना नावाऐवजी वाणाचा क्रमांक धरून शोधा; वाट चुकणार नाही.

१०. थर्मस थर्मोफिलस हे नाव काही ठिकाणी १९७४ चं, काही ठिकाणी १९९५ चं दिलेलं असतं. खरं कुठलं?

दोन्ही. जपानमधल्या इझू द्वीपकल्पातल्या मिने या उष्ण झऱ्यातून मिळालेला 'एचबी८' हा वाण आधी फ्लॅवोबॅक्टेरियम थर्मोफिलम या नावाने आला. १९७४ मध्ये ओशिमा आणि इमाहोरी यांनी त्याला थर्मसमध्ये आणलं. मग १ जानेवारी १९८० हा दिवस उजाडला. जीवाणूंच्या नावांचा साठा इतका वाढला होता की नियमावलीने नव्याने सुरुवात करायचं ठरवलं: त्या दिवशीच्या मान्य यादीत जी नावं आहेत तीच खरी, बाकीची रद्द. यादीत सुमारे अडीच हजार नावं उरली. थर्मस अ‍ॅक्वाटिकस त्यात होता, थर्मस थर्मोफिलस नव्हता.

पुढची पंधरा वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा नियमांच्या दृष्टीने अस्तित्वातच नसलेल्या नावाच्या जीवाणूवर निबंध लिहीत होत्या. तो अ‍ॅक्वाटिकसचाच एक वाण आहे असं म्हणणारेही होते. अखेर डीएनए-डीएनए संकरणाने (दोघांचे धागे एकमेकांशी किती जुळतात ते पाहून) दोघे वेगळे आहेत हे दिसलं आणि १९९५ मध्ये मनाइया आणि सहकाऱ्यांच्या नावे हे नाव पुन्हा मान्य झालं. म्हणून आता संदर्भात दोन्ही वर्षं येतात.

'थर्मस फ्लेवस' आणि 'थर्मस काल्डोफिलस' यांचं असं पुनर्वसन झालं नाही. त्या नावांचे वाण आता थर्मोफिलसमध्येच धरले जातात. विकरांच्या डब्यांवर मात्र 'टीएफएल' अशी जुनी आद्याक्षरं टिकून आहेत. ते व्यापारी नाव समजावं, जातीचा दाखला समजू नये.

११. थर्मोटोगा, थर्मोप्लाझ्मा, जिओबॅसिलस... हे सगळे थर्मसचे नातेवाईक का?

एकही नाही. थर्मोटोगा वेगळ्या संघातला जीवाणू. थर्मोप्लाझ्मा तर जीवाणूच नाही, आर्किआ आहे. जिओबॅसिलस हा बॅसिलसच्या घरातून २००१ मध्ये वेगळा निघालेला, बीजाणू तयार करणारा गट. ऑटोक्लेव्ह नीट चालतोय का ते तपासायच्या पट्ट्यांवर ज्याचे बीजाणू असतात तो जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस यातलाच. उष्णता सोसण्याची क्षमता जीवसृष्टीत बऱ्याच फांद्यांवर दिसते. नावातला 'थर्म' फक्त राहणी सांगतो (प्रश्न ७).

१२. आपल्याकडच्या गरम पाण्याच्या कुंडांत थर्मस आहे का? आणि लोणारमध्ये?

परिस्थिती जुळते का, ते आधी पाहावं. वज्रेश्वरी, गणेशपुरी आणि अकलोली, रत्नागिरीतली उन्हवरे, तुरळ, राजवाडी, राजापूरची उन्हाळे, तिकडे उनपदेव आणि उनकेश्वर. यातल्या कित्येकांच्या नावातच 'ऊन' आहे. पण भाविक ज्या बांधीव कुंडात उतरतात तिथलं पाणी अंगाला सोसेल इतकंच तापलेलं असतं. थर्मस शोधायचा तर झऱ्याच्या मूळ तोंडाशी, जिथे हात घालवत नाही तिथे, तळाच्या दगडावरचा बुळबुळीत थर घ्यावा. देवस्थानच्या आणि गावच्या माणसांना विचारल्याशिवाय मात्र घेऊ नये.

भारतातलं ठळक उदाहरण हिमाचल प्रदेशातल्या मणिकरणचं. पार्वती नदीकाठच्या या झऱ्याच्या पाण्यात लंगरचा भात शिजतो. तिथून मिळालेल्या वाणाचं दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये थर्मस पार्वतिएन्सिस म्हणून वर्णन केलं.

लोणारचा प्रश्न वेगळा. ते सरोवर खारं आणि क्षारीय आहे, गरम नाही. तिथे क्षारप्रिय आणि मीठप्रिय सूक्ष्मजीव मिळतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण मीठप्रिय आर्किआ असल्याचं सांगितलं. थर्मस शोधायची ती जागा नव्हे.

१३. कॉलेजच्या प्रयोगशाळेत थर्मस वाढवता येईल का? तो धोकादायक आहे का?

धोकादायक नाही, तो माणसाला आजारी पाडत नाही. वाढवताही येतो. ट्रिप्टोन आणि यीस्टचा अर्क प्रत्येकी सुमारे ०.१ टक्का आणि थोडे क्षार, एवढं पातळ माध्यम घ्या. अन्न वाढवलं की वाढ जास्त होईल ही इथे चुकीची समजूत आहे; पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचं तिथेच बिघडतं. अगार २ ते ३ टक्के ठेवा, म्हणजे ७० अंशांना थर मऊ पडत नाही. प्लेट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आत ओला कापूस ठेवा, नाहीतर रात्रीतून पापड होतो. दोन-तीन दिवसांत पिवळ्या कॉलनी दिसू लागतात.

नमुन्यासाठी झराच हवा असंही नाही. ब्रॉक आणि बॉयलन यांनी १९७३ मध्ये घरगुती गरम पाण्याच्या टाक्यांतून आणि लाँड्रीतून असे जीवाणू मिळवले होते. थर्मस स्कोटोडक्टसचं नावच 'अंधाऱ्या नळातला' या अर्थाचं आहे. तो आइसलँडमधल्या गरम पाण्याच्या नळाच्या पाण्यातून मिळाला.

१४. माझा वाण पिवळा नाही आणि ऑक्सिजनशिवायही वाढतो. मग तो थर्मस नाहीच ना?

असू शकतो. रंगहीन वाण बरेच मिळतात, विशेषतः अंधाऱ्या जागी. स्कोटोडक्टसचे काही वाण तर तपकिरी रंगद्रव्य सोडतात. ऑक्सिजनचंही तसंच. पुस्तकात 'थर्मस ऑक्सिजनवर जगतो' असं असतं, पण एचबी८ ऑक्सिजन नसताना नायट्रेट वापरून वाढतो आणि एचबी२७ ही त्याच जातीची दुसरी शाखा तसं करू शकत नाही. ती जनुकं एका वाणातून दुसऱ्या वाणात जाऊ शकतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत ३.२ किलोमीटर खोल पाण्यात मिळालेला स्कोटोडक्टसचा 'एसए-०१' हा वाण लोहाचं क्षपण करतो.

थर्मस बाहेरचा डीएनए उचलण्यात फार पटाईत आहे आणि त्याची पुष्कळ जनुकं मुख्य गुणसूत्राबाहेरच्या मोठ्या प्लाझ्मिडवर असतात. जे आज आहे आणि उद्या नसेल, अशा गुणावर जात ठरवू नये. भित्तिका, क्विनोन, मेदाम्लं आणि जीनोम यांवर भर द्यावा.

१५. १६एस क्रम थर्मस थर्मोफिलसशी ९९ टक्के जुळतो. म्हणजे ती जुनीच जात?

इतक्यावर सांगता येत नाही. ही कसोटी एकाच बाजूने चालते. साम्य साधारण ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर नवी जात असण्याची शक्यता दाट. वर असेल तर काहीच ठरत नाही, कारण १६एस हे जनुक फार सावकाश बदलतं आणि शेजारच्या जातींत जवळपास सारखं राहतं. मग पूर्ण जीनोम काढावा लागतो. दोन जीनोमांचं सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य ९५-९६ टक्क्यांच्या खाली किंवा संगणकाने काढलेलं डीएनए संकरण ७० टक्क्यांच्या खाली आलं, तर जाती वेगळ्या.

आकडा ९५.४ आला तर? असे फोन येतात. हे आकडे माणसाने सोयीसाठी आखलेल्या रेषा आहेत. रेषेवर पडलेल्या वाणासाठी इतर पुरावे जमवा, घाईने नाव देऊ नका. घाईत दिलेली नावं नंतर मागे घ्यावी लागतात आणि वाचणाऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्या गोंधळ होतो. प्रश्न १० आठवा.

१६. जात नवीच निघाली तर पुढे काय करायचं? आमच्या गावाचं नाव देता येईल का?

गावाचं, नदीचं, डोंगराचं नाव देता येतं. पार्वतिएन्सिस हे नदीवरूनच आलं. लॅटिन व्याकरण सांभाळावं लागतं: 'थर्मस' पुल्लिंगी, म्हणून विशेषणही पुल्लिंगी हवं. एखाद्या शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थही नाव ठेवतात, जसं ब्रॉकियानस आणि ओशिमाय. स्वतःचं नाव देऊ नये असा संकेत आहे.

नाव मान्य व्हायला दोन अटी मुख्य आहेत. वर्णन जीवाणू वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून यावं, किंवा दुसरीकडे छापलेलं असेल तर त्या नियतकालिकाच्या मान्यता-यादीत यावं. आणि टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या, सर्वांना खुल्या असलेल्या संग्रहांत जमा झालेला असावा. आपल्याकडे पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र हे काम करतं. परदेशी संग्रहात पाठवण्याआधी २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची कागदपत्रं पाहावी लागतात. हे काम निबंध लिहून झाल्यावर सुरू करू नका, आधीच सुरू करा.

ही कागदपत्रं ही नुसती कटकट आहे, अशी तक्रार मी ऐकतो आणि मला ती पटत नाही. टॅकचे हक्क आणि पीसीआरचा व्यवसाय १९९१ मध्ये ३० कोटी डॉलरना विकला गेला, तेव्हा ज्या उद्यानातून तो जीवाणू आला त्या यलोस्टोनला काही मिळालं नाही. अमेरिकेतल्या उद्यानांनी नंतर करार करायला सुरुवात केली ती यातूनच शिकून.

१७. जीवाणू वाढवलाच नाही, झऱ्याच्या पाण्यातल्या डीएनएतून त्याचा पूर्ण जीनोम जुळवला. याला थर्मसची नवी जात म्हणता येईल?

जुन्या नियमावलीने नाही, कारण जमा करायला जिवंत वाण नाही. अशा नावापुढे 'कँडिडेटस' लावतात, म्हणजे उमेदवार. २०२२ पासून 'सीक्कोड' नावाची दुसरी नियमावली आली आहे. तिच्यात जीनोमचा क्रमच प्रमाण म्हणून चालतो. दोन्ही व्यवस्था सध्या शेजारी शेजारी आहेत, म्हणून नाव कुठल्या नियमावलीखाली दिलंय ते निबंधात स्पष्ट लिहा.

थर्मसच्या बाबतीत माझा आग्रह आधी वाढवून पाहण्याचा आहे, कारण तो वाढतो. झऱ्यावर जाल तेव्हा दोन बाटल्या भरा: एक डीएनएसाठी थंड करून, दुसरी न गोठवता, गाळासकट, त्याच दिवशी ७० अंशांना पातळ माध्यमात टाकायला. बाटलीवर तारीख, पाण्याचं तापमान आणि सामू तिथल्या तिथे लिहा. घरी येईपर्यंत तिन्ही आठवणीत राहत नाहीत.